सांडूतात्या चहा पीत नाहीत

गारखेड्याचे सांडूतात्या रस्त्यानं येताना दिसले की लोक मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचे. माणूस तसा साधा. कधी आवाज चढवणार नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पांढरं धोतर, सदरा, डोक्याला टोपी आणि चालणं इतकं हळू की वाटेत झोपलेलं कुत्रंसुद्धा उठायचं नाही. पण लग्नाची पोर असलेल्या घरासमोर तात्या आले की आतली बाई हातातलं काम टाकून खिडकीशी यायची, आणि ते पुढच्या बोळात वळले की म्हणायची, "गेले बाई एकदाचे!"

कारण तात्या नकार घेऊन यायचे.

आता हे जरा उलगडून सांगायला पाहिजे. आपल्याकडं तोंडावर 'नाही' म्हणायची सोयच नाही. डब्यातले तांदूळ संपले तरी संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. निघालेल्या माणसानं 'जातो' म्हटलं तर म्हातारी माणसं लगेच डोळे वटारतात, 'येतो' म्हण म्हणून. आणि सोयरिकीत तर विचारूच नका! पाहुणे येतात, पोहे खातात, पोरीला शाळा किती झाली विचारतात, चपला घालतात आणि म्हणतात, "कळवतो." झालं. त्या एका 'कळवतो'वर पोरीचा बाप पुढं कितीतरी दिवस जेवतो आणि झोपतो. होकार असला तर तो वाजतगाजत येतो. मामा पुढं, चार फेटेवाले मागं, नारळ, पेढे, सगळं बैजवार. पण नकार न्यायचा म्हटलं की भावकीतल्या एकेकाला त्याच दिवशी विहिरीवर काम निघतं. कुणाची म्हैस आजारी पडते, कुणाचा गुडघा धरतो. शेवटी कुणीच जात नाही, आणि तिकडं ती बिचारी माणसं रस्त्याकडं बघत बसतात.

तात्यांच्या गळ्यात हे काम पडलं ते पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी. निजाम गेला होता, कचेरीतले कारकून अजून उर्दूतच बोलायचे, आणि साखर कंट्रोलच्या दुकानात मिळाली तर मिळायची. तात्या तेव्हा मिसरूड फुटलेला पोऱ्या होता. चुलते नानासाहेब म्हणाले, "सांडू, पैठणकडं जाऊन ये. माझ्या पोराला, काकासाहेबाला, तिथली पोर बघितलीय ना, त्यांना सांग, जमत नाही म्हणून." बस्स, एवढंच. कसं सांगायचं हे कुणी सांगितलं नाही.

सांडू गेला. त्या घरात त्याला बघून सगळ्यांचे चेहरे उजळले. मुलाकडचा माणूस आलाय, हसतमुख आहे, म्हणजे जमलंच! बाईनं लगबगीनं चहा टाकला. शब्द सापडेना म्हणून सांडूनं एक कप पिला, मग दुसराही पिला, आणि रिकामी बशी खाली ठेवता ठेवता एका दमात सांगून मोकळा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पोरीच्या आईनं कपबशी उचलली आणि ती एवढंच म्हणाली, "साखर शेजारून आणली होती हो."

ते वाक्य तात्यांच्या जिवाला लागलं ते लागलंच. घरी येऊन त्यांनी ठरवून टाकलं, ज्या घरात असलं बोलायचं त्या घरचं गोड तोंडात घालायचं नाही. आणि त्यांना हेही कळलं की नकाराची सुद्धा काहीतरी रीत पाहिजे, नुसता दगडासारखा टाकून यायचा नसतो. मग त्यांनी आपली आपणच रीत बसवली. एकट्यानं जायचं. हात रिकामे ठेवायचे, म्हणजे समोरच्याला उगाच आशा लागायला नको. गेल्या गेल्या पाणी मागायचं. भाकरी वाढली तर खायची, अन्नाला नाही म्हणायचं नाही. चहा मात्र घ्यायचा नाही. आणि निघताना पोरीच्या बापाला ओट्याच्या कडेला घेऊन हळू आवाजात बोलायचं.

"पोर सोन्यासारखी हाय, दादा. नाही असं कुणाचं काहीच नाही. घरातल्या एकाचंबी नाही म्हणणं नाही. पण योग नाय. मनाला लावून घेऊ नका."

एवढ्या 'नाही' एकावर एक रचल्या की खरी 'नाही' त्यांच्या तळाशी जाऊन बसायची. बापाला ती हळूहळू हाताला लागायची, आणि तोवर तात्यांचा हात त्याच्या पाठीवर असायचा. कितीतरी बाप त्यांना मोटारीपर्यंत सोडायला आले. एकानं तर पिशवीभर हरभरे दिले. लोक म्हणायला लागले, नकार यावा तर सांडूतात्यांच्या तोंडून यावा. मग काय, गारखेड्यापासून खुलताबादेपर्यंत ज्याला नकार पाठवायचा तो तात्यांच्या दारात यायचा. हळूहळू त्यांची रीतही सगळ्यांना पाठ झाली. तात्या दारात आले की आतून बाई विचारायची, "चहा टाकू का तात्या?" आणि तात्या "नको माय, पाणी दे" म्हणाले की ती ओळखायची आणि पाणी द्यायला पोरीला न पाठवता स्वतःच यायची.

त्यांची बायको चतुराबाई तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "जगाचे नकार वाहता, आणि दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणायचं तर मला पुढं करता! वा रे तुमची मर्दुमकी." कधी चिडून म्हणायची, "जन्मात एकदा तरी कुणाचा होकार घेऊन जावा माणसानं."

तात्या हसून सोडून द्यायचे. पण खरं सांगायचं तर त्यांना ते बोचायचं. होकाराच्या गाडीत त्यांना कुणीच घ्यायचं नाही. सख्ख्या पुतण्याचं जमलं तेव्हासुद्धा, "तात्या, तुम्ही घरीच थांबा, उगाच त्या लोकांच्या काळजात धस्स व्हायचं," असं म्हणून सगळे जीपमध्ये बसून गेले. तात्या दारात उभे राहून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण बोलणार कुणाला?

अशी वर्षं गेली. गारखेड्याच्या ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या. वाळूजला कारखाने उभे राहिले आणि शेतकऱ्यांची पोरं पायात बूट घालून पाळीच्या बसची वाट बघायला लागली. तात्यांची धाकटी मनकर्णा लग्नाला आली.

वेरूळच्या कारभारींचा मुलगा बद्रीनाथ श्रावणात तिला बघून गेला. पोरगा वाळूजला एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. घर शेतकऱ्याचं, नीटनेटकं. कारभारी अबोल, त्यांची आई सरूबाई मात्र तिखट म्हातारी. पोहे झाले, बोलणं झालं, आणि उठताना कारभारी म्हणाले, "कळवतो."

मनकर्णाला याआधीही दोन-तीन जणांनी बघितलं होतं. त्यांचं काय झालं म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं. या वेळी मात्र भाकरी थापता थापता ती आईला म्हणाली, "आई, हे जमलं तर बरं हुईल." चतुराबाईनं ते नवऱ्याला सांगितलं आणि तात्यांचा घास हातातच राहिला. पोरीनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

गणपती आले, गेले. पितरांचा पंधरवडा गेला, त्यात कुणी बोलणार नव्हतंच. दसरा झाला. वेरूळकडून अवाक्षर नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की मनकर्णा पिठाच्या हातानं दारात यायची, बघायची आणि जणू कोंबडी हाकलायलाच आली होती असं दाखवून आत जायची. तात्यांना ते बघवेना.

आणि गप्प राहण्याचा अर्थ तात्यांना नाही कळणार तर कुणाला? ते चतुराबाईला म्हणाले, "त्यांचा नकार झालेला हाय. पण आणणार कोण? नकार आणणारा माणूस एकच, आन् तोच पोरीचा बाप! कारभारी बेजार झाले असतील बिचारे."

"मग?"

"मग काय. मीच जातो. त्यांच्या तोंडून काढून घेतो. तेबी मोकळे, आपली पोरबी मोकळी. झुलत ठेवण्यापरीस ते बरं."

"अहो, आपण पोरीकडचे. आपणहून जायचं नसतं."

"माझं आयुष्य जाण्यातच गेलं, चतुरा. तिथं काय बोलतात, कसं बोलतात, मला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. धुतलेलं धोतर, एकटे, हात रिकामे. जन्माची सवय! एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "चलो चचा, आगे सरको," आणि तात्या सरकत सरकत खिडकीशी जाऊन बसले. दौलताबादेच्या उतारावर बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. एरवी तात्यांनी मनकर्णासाठी चार घेतली असती. आज त्यांचं लक्षच नव्हतं. परत जाऊन पोरीला काय सांगायचं हे ते मनात घोळवत होते. "पोर सोन्यासारखी हाय" इथपर्यंत ते आले, आणि पुढचं येईना. इतक्या पोरींच्या बापांना जे सहज सांगितलं ते आपल्या पोरीला सांगायचं म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. खुलताबाद येईपर्यंत ते टोपीनं डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते की धूळ लई हाय.

वेरूळला कारभारींच्या ओट्यावर सरूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, तर रस्त्यानं सांडूतात्या. एकटे! हातात पिशवीसुद्धा नाही!

"अगं बाई," सरूबाई आत बघून ओरडल्या, "कारभाऱ्या, ये बाहेर. आला, नकार आला!"

तात्या ओट्यापाशी आले, घाम पुसला आणि म्हणाले, "पाणी मिळंल का, माय?"

झालं. उरलीसुरली शंकाही गेली. गोठ्यातून आलेल्या कारभारींचा चेहरा पडला. रात्रपाळी करून आलेला बद्रीनाथ टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर डोकावला, तात्यांना बघितलं आणि परत फिरला. पाण्याचा तांब्या बद्रीनाथची आई घेऊन आली. तिचे डोळे भरलेले होते.

तात्यांना वाटलं, बघा, किती अवघडलीत माणसं. आपणच सोपं करायला पाहिजे.

सरूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बोला. काय असंल ते आल्या पावली बोलून टाका. आमच्या पोरात काय खोट निघाली?"

"खोट? नाय नाय. आमचं तसं काहीच म्हणणं नाय. तुमचं जे असंल ते सांगा. मी मनावर घेणार नाय."

"आमचं कुठं काय नाय म्हणणं हाय?" कारभारी गोंधळून म्हणाले.

"नाय म्हणत नाय, ते खरं. पण तोंडातून काय निघतबी नाय ना. समजून घेतो मी. मीबी काय नवा नाय यातला."

"म्हणजे तुमचं नाय नाय?"

"आमचं नाय कशाला असंल? तुमचं हाय म्हणून तर मी आलो."

"आमचं नाय हाय, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाय सांगितलं!"

"थांबा रे बाबांनो!" सरूबाईंनी कपाळावर हात मारला. "हे नाय म्हणत नाय, तू नाय म्हणत नाय, मग नाय म्हणतंय कोण? भिंत?"

कुणालाच काही सुधरेना. आणि माणूस गोंधळला की जुन्या वाटेनंच जातो. तात्यांनी कारभारींच्या पाठीवर हात ठेवला आणि वर्षानुवर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलून गेली, "दादा, नाही असं कुणाचं काहीच नाही, पण..."

आतून हुंदका ऐकू आला. बद्रीनाथच्या आईचा होता तो. सरूबाई ताडकन उठल्या. "बस्स! पुढचं सगळ्या तालुक्याला पाठ हाय. माझ्या भाचीच्या दारातबी हेच बोलला होतात तुम्ही. पोर सोन्यासारखी हाय म्हणे! तीन दिस जेवली नव्हती ती."

तात्या गार पडले. आपण काय करून बसलो हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. आपल्याच पोरीचं जमलेलं आपण आपल्या तोंडानं मोडायला निघालो होतो. त्यांनी कारभारींच्या पाठीवरचा हात झटकन काढून घेतला. "नाय... तसं नाय... मला तसं म्हणायचं नाय..." काही केल्या तोंडातून दुसरा शब्दच फुटेना.

कारभारींना त्यांची दया आली. त्यांनी तात्यांना खाली बसवलं. "तात्या, ऐका. आमचा होकार श्रावणातच झालाय. पोरानं त्याच दिवशी सांगितलं. पण आमच्यात मामाशिवाय होकार जात नाय, आन् मामा पोळ्यानंतर लगेच बैलगाडीवरून पडला. पाय प्लास्टरात हाय. तो उठला की येणार होतो सगळे."

"मग निरोप तरी..."

"कसा धाडू? एकटा माणूस तुमच्या दारात धाडला असता तर तुम्ही काय समजला असता? एकटा माणूस म्हणजे नकार, हे तुम्हीच तर सगळ्यांच्या डोक्यात भरवलंय!"

तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण सरूबाईंचा अजून विश्वास बसेना. "हा माणूस गोड बोलून मान कापतो. ह्याचं बोलणं नको मला. सूनबाई, चहा टाक. साखर सढळ घाल. पिला तर व्हय, नाय पिला तर ह्यो रस्ता."

चहा आला, अगदी उकळता. कपातून वाफा निघत होत्या. तात्यांनी कप हातात घेतला आणि पैठणकडची ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिच्यानंतर सोयरिकीच्या घरी पहिल्यांदा कप हातात येत होता. सगळं घर त्यांच्याकडं बघत होतं, बद्रीनाथ दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला होता. एखादा घोट घेऊन ठेवला तर म्हातारी पुन्हा शंका काढायची, म्हणून तात्यांनी कप सरळ तोंडाला लावला आणि तसाच घटाघटा संपवला.

"अहो, बशीत ओता की! भाजलं ना!" सरूबाई ओरडल्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. कारभारी हसले, आत बद्रीनाथची आई हसली. तात्यांचं तोंड लालबुंद झालं होतं, पण रिकामा कप त्यांनी उलटा करून सगळ्यांना दाखवला.

जेवण झाल्यावर निघताना सरूबाईंनी त्यांना हळूच विचारलं, "एवढे नकार वाहिले तुम्ही. काहीच वाटलं नाय का वो कधी?"

"वाटलं," तात्या म्हणाले. "दर येळी वाटलं."

परतीच्या एस.टी.त त्यांची जीभ टरारून सुजत चालली होती. पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. दौलताबादेला त्यांनी सीताफळं घेतली, पैसे देताना धड बोलताही आलं नाही म्हणून नुसती बोटं दाखवली. दिवस कलता कलता ते गारखेड्यात उतरले.

मनकर्णा दारातच होती. तात्यांनी सीताफळांची पिशवी ओट्यावर टाकली आणि पहिला शब्द बोलले तो, "पाणी दे गं."

मनकर्णानं पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तात्यांनी पाण्याचा घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला, पुन्हा घेतला. बोलेनात. मनकर्णा त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, दादा. कळलं मला," ती हळूच म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका."

तात्यांना ठसका लागला. "अगं नाय... नाय नाय..."

"व्हय, नाय तर नाय. तुम्ही आधी पाणी प्या."

"जीभ भाजलीय, पोरी!" तात्या कसेबसे म्हणाले. "चहा पिलो तिथं. कपभर. सगळाच्या सगळा."

मनकर्णाचा हात त्यांच्या पाठीवर तसाच राहिला. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिथंच ओट्यावर, पदरात तोंड घालून, रडायला लागली. आवाज ऐकून चतुराबाई पिठाचे हात घेऊन बाहेर धावली.

"काय झालं? काय म्हणाले ते लोक? अहो, बोला की!"

"दादा चहा पिले, आई," मनकर्णा पदराआडून म्हणाली.

चतुराबाई दाराला धरून उभी राहिली. नवऱ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, डोळ्यांत पाणी आलं ते पिठाच्या मनगटानं पुसलं. मग नेहमीच्या फटकळ आवाजात तिनं विचारलं,

"साखर तरी होती का त्यात?"

"लई होती," तात्या म्हणाले.